साहेबांनी न सोडलेली खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझा मागचा एक पाय आखूड आहे, तेव्हा मित्रांनो, बसताना जरा बेताने. पाठीचं कापड मूळचं पांढरं, आताचा रंग काय म्हणावा ते मलाही कळत नाही. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात मी बरीच वर्षं आहे. कुणाचे पालक आले की त्यांना माझ्यावर बसवतात, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्यावर चढून खिडकीतून शेजारच्या वर्गात डोकावता. डोकवा बापडे, माझं काही म्हणणं नाही. पण जाता जाता माझ्या पायाखालचा तो चपटा दगड तुम्ही लाथेने उडवता ना, त्याच्याविषयी मला बोलायचं आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

लढाई सुरू झाली तेव्हा सैन्याने एका सुताराकडे दोनशे खुर्च्या मागितल्या, त्याही आठ दिवसांत. बिचारा सुतार काय करणार? हाताला लागेल ते लाकूड कापत सुटला. माझ्या वेळेला एक पाय बोटभर कमी भरला. सुताराने मला उभं करून हलवून पाहिलं, मी डुगडुगले, तो म्हणाला, "चालतंय, लढाईत कोण निवांत बसतंय!" आणि मला ट्रकमध्ये फेकलं.

पण मला निवांत बसणाराच माणूस मिळाला. म्हणजे दिसायला निवांत हो, आतून नव्हे.

मला नेलं तो विमानतळ म्हणजे एक उघडा माळ होता. त्यावर शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या, कडेला तंबू, आणि डावीकडच्या पट्टीच्या टोकाला टेलिफोनची पत्र्याची खोली. माझ्यावर बसणारे साहेब तेव्हा तिथल्या विमानांच्या तुकडीचे प्रमुख होते. शंभराहून जास्त वेळा स्वतः लढाईत विमान नेलेला माणूस, पण एकदा गुडघा असा फुटला की उडणं कायमचं बंद झालं. आपण जमिनीवर बसायचं आणि पोरांना वर पाठवायचं, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. म्हणून त्यांनी मनाशी एक नेम केला. विमानं निघाली की धावपट्टीच्या कडेला मला मांडायचं, माझ्या आखूड पायाखाली एक चपटा दगड सरकवायचा, आणि शेवटच्या विमानाची चाकं जमिनीला लागेपर्यंत उठायचं नाही. चहा माझ्यावर, जेवण माझ्यावर, लोकांवर ओरडणंही माझ्यावर बसूनच. ऊन असो, धूळ असो, माणूस हलायचा नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, साहेबांना खुर्चीला शिवलंय की काय!

आता नीट ऐका, सगळी गोष्ट इथेच अडकलेली आहे. शत्रूचे बॉम्ब पडून रोज कुठली तरी पट्टी उखडलेली असायची. आज ही चालू, उद्या ती. बंद पट्टीवर फुलीचं मोठं कापड अंथरायचं असा नियम होता, आणि चालू पट्टी कोणती ते वैमानिकांना रेडिओवर सांगायचे. पण ते रेडिओ म्हणजे मोठे लहरी, ऐन वेळी मुके व्हायचे. साहेब मात्र नेहमी चालू पट्टीच्या कडेलाच बसत. त्यामुळे वैमानिकांनी आपापसात एक सोपी खूण ठरवून टाकली. खाली पाहायचं, माझी पांढरी पाठ शोधायची, आणि जिथे खुर्ची तिथे उतरायचं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, वरच्या कचेरीला माहीत नव्हतं. पण त्या माळावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि साहेबांना तर पक्कं माहीत होतं. मनातून त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. आणि खोटं कशाला बोलू, मलाही होता. दोनशे खुर्च्यांत आकाशातून शोधली जाणारी खुर्ची मी एकटीच!

त्या वैमानिकांत एक जण होता. विमानात चढण्याआधी तो शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. जेवताना दोन घास घाईघाईने कोंबणार आणि तिसरा चालता चालता खाणार, असला प्राणी. बाकीचे साहेबांना सलाम ठोकून जायचे, हा सलाम ठोकून झाला की माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि हळूच म्हणायचा, "येतो गं मावशी. जागा सोडू नकोस."

साहेब डोळे वटारायचे. "खुर्चीशी काय बोलतोस रे?"

"साहेब, तुमच्याशी बोलायचं धाडस होत नाही, म्हणून हिच्याशी," असं म्हणून तो पळायचा. साहेब तोंड फिरवून हसायचे. मला मावशी म्हणणारा तो पहिला, आणि त्याच्यानंतर कुणी म्हटलं नाही.

मग तो दिवस उगवला. आदल्या दिवशी डावी पट्टी बॉम्बने उखडली होती. तिच्यात भराव टाकला होता, पण माती अजून भुसभुशीत होती. पट्टी बंद होती. फुलीचं कापड अंथरलेलं होतं, मात्र भराव टाकताना उडालेल्या धुळीने ते मातीच्या रंगाचं झालं होतं. ते झटकायचं कुणाला सुचलं नाही. उजवी पट्टी चालू, म्हणून साहेब उजवीकडे बसलेले, दगड माझ्या पायाखाली. सकाळी सहा विमानं गेली. दुपारपर्यंत पाच परतली. पाचही वैमानिक जेवायला गेले. सहावा शिट्टी होता.

तेवढ्यात टेलिफोनवाला धावत आला. "साहेब, मुख्य कचेरीतून फोन आहे. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात. लगेच."

"सांग त्यांना, एक विमान यायचंय."

"सांगितलं साहेब. ते म्हणतात, थांबता येणार नाही."

साहेबांची चुळबुळ मला कळत होती, त्यांचा सगळा भार माझ्यावरच होता ना. नेम मोडायचा नव्हता आणि फोनही टाळता येत नव्हता. मग त्यांनी काय करावं? ते उठले, माझी घडी केली, मला काखेत मारलं आणि लंगडत थेट डाव्या पट्टीच्या टोकाला, पत्र्याच्या खोलीपाशी आले. तिथे पट्टीच्या कडेला मला उघडलं, खिडकीतून टेलिफोन बाहेर ओढून घेतला आणि माझ्यावर बसले. मनात म्हणाले असतील, खुर्ची काही मी सोडली नाही. नेम शब्दशः पाळला हो! दगड मात्र तिकडेच राहिला. मी डुगडुगत होते. जितकं जोरात डुगडुगता येईल तितकं डुगडुगले. त्यांनी नुसता पाय रोवला आणि बोलत राहिले.

फोनवर त्यांना बढती देत होते. नुसत्या तुकडीचे नव्हे, संपूर्ण आघाडीच्या सगळ्या विमानांचे प्रमुख म्हणून नेमलं होतं. "मी?" साहेब म्हणाले. "होय, आभारी आहे," ते म्हणाले. आणि त्याच वेळी विमानाचा आवाज आला.

शिट्टीच्या विमानाला गोळ्या लागल्या होत्या. रेडिओ मुका होता. त्याने माळावर एक फेरी मारली. मला त्याचं विमान स्पष्ट दिसत होतं, आणि त्याला माझी पांढरी पाठ. त्याला वाटलं असणार, मधल्या वेळात चालू पट्टी बदलली. साहेबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फोन टाकून ते हात हलवत धावत सुटले. फुटक्या गुडघ्याने असा किती धावणार माणूस? विमान डाव्या पट्टीवर उतरलं. चाकं भुसभुशीत मातीत रुतली, आणि विमान उलटलं.

पुढचं मी सांगत नाही. तो वाचला नाही, एवढंच.

सगळे तिकडे धावले होते. मी खोलीपाशी आडवी पडले होते. तिथला म्हातारा मिस्त्री परत आला, त्याने मला पाहिलं, आणि जागीच थबकला. विमानांच्या पोटात आयुष्य घालवलेला माणूस तो, काय झालं ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याने मला उचललं, उजव्या पट्टीच्या कडेला नेलं आणि दगडावर नेमकं ठेवलं. साहेबांवर त्याचा फार जीव होता. त्याने याविषयी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चौकशीला माणसं आली तेव्हा मी माझ्या जागी होते.

चौकशीत विचारलं, फुलीचं कापड होतं का? होतं. पट्टी बंद आहे हे सकाळी वैमानिकाला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. खुर्ची कुठे होती, हे कुणी विचारलं नाही, आणि टेलिफोनवाल्याने आपणहून सांगितलं नाही. कागदावर लिहिलं गेलं, 'वैमानिकाने घाईत पाहणी न केल्यामुळे अपघात.' खाली सही करायला कागद साहेबांपुढे आला. ते माझ्यावर बसले होते. लेखणी हातात घेऊन बराच वेळ बसले. उद्या पुन्हा विमानं जायची होती. आपला साहेबच चुकला असं पोरांना कळलं, तर पोरं कुणाच्या भरवशावर उडतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे खरंही होतं. पण नवी नेमणूक हातची जाईल ही भीतीही तितकीच खरी होती. लढाई संपली की सांगू, असं म्हणून त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी शिट्टीचे वडील आले. ते मास्तर होते, तुमच्या याच शाळेत. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. साहेबांनी त्यांना माझ्यावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मास्तर माझ्या अगदी कडेवर बसले, परक्याच्या घरी बसतात तसे.

"कसं झालं हो?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "अंदाज चुकला त्याचा."

मास्तरांनी मान हलवली. "लहानपणापासून घाईच हो त्याला. घास तोंडात असतानाच चपला घालायचा. कितीदा सांगितलं, बाबा रे, पाहून पाऊल टाक." मग म्हणाले, "सरकारचं एवढं मोठं विमान गेलं त्याच्या चुकीने. साहेब, त्याच्या वतीने मी माफी मागतो."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. पण त्या क्षणी मला वाटलं, आपण मोडून पडावं, म्हणजे निदान या माणसाला उठावं तरी लागेल. साहेब एवढंच म्हणाले, "असं म्हणू नका." बस्स! खरं ओठांवर आलं होतं, मी पाहिलं ते. त्यांनी ते गिळलं. मास्तर उठले, छत्री घेतली आणि चालत निघून गेले.

त्यानंतर साहेब चढतच गेले. तीस विमानतळ त्यांच्या हाताखाली आले. मोठा दिवाणखाना, भिंतभर नकाशा, टेबलावर चार टेलिफोन, आणि पाहुण्यांसाठी मऊ गादीच्या खुर्च्या. त्या भपक्यात टेबलामागे मी! त्या गादीवाल्या माझ्याकडे नाकं मुरडून पाहत असतील. तो दगड साहेबांनी टेबलावर ठेवला होता, कागद उडू नयेत म्हणून. लोकांना वाटायचं, साधा माणूस आहे. कुठलाही बेत समोर आला की ते पहिला प्रश्न विचारायचे, "जातील ते कळलं. परत कुठे उतरतील ते आधी सांगा." बंद पट्टीवर लाल निशाण घेतलेला माणूस उभा राहिलाच पाहिजे, आणि नियमाबाहेरची कुठलीही खूण चालणार नाही, असा हुकूम त्यांनी काढला. त्या हुकमाने कितीतरी वैमानिक वाचले. ते काम त्यांनी जीव ओतून केलं, हे मी नाकारणार नाही. लढाई जिंकली, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

आणि वर्तमानपत्रांना काय आवडावं? मीच! माझ्यावर बसून आकाशाकडे पाहणाऱ्या साहेबांचा फोटो घरोघरी गेला. 'शेवटचा वैमानिक परतेपर्यंत खुर्ची न सोडणारा सेनानी.' भाषणांत हेच, सत्कारांत हेच. टाळ्या पडल्या की साहेबांचा हात माझ्या दांड्यावर घट्ट व्हायचा. लढाई संपली की सांगू म्हणाले होते. लढाई संपली. मग म्हणाले, निवृत्त झालो की सांगू. निवृत्त झाले. चांगल्या कामाला मुहूर्त शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही, हे मी त्यांच्या बुडाखाली बसून शिकले.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या घराच्या गच्चीत पडून होते. कापड फाटलं, बिजागरी गंजली. एके दिवशी संग्रहालयाचे अधिकारी आले. मला काचेत ठेवणार म्हणे! सोबत पितळी पाटीचा मजकूर आणला होता, 'शेवटचं विमान परतेपर्यंत त्यांनी ही खुर्ची कधीही सोडली नाही.' खाली संमतीची सही हवी होती. साहेबांनी लेखणी घेतली आणि तशीच खाली ठेवली. "उद्या या," म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बाईसाहेब माझं कापड शिवत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"इतकी वर्षं मी जगाला या खुर्चीचं कौतुक सांगत फिरले. आणि तुम्ही ऐकत बसायचात?"



"मला सांगून मोकळे होऊ नका," त्या म्हणाल्या, "मी कोण लागून गेले? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." आणि सुई खोवून त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाटीवर सही केली नाही. त्यांनी जुनी नोंद बदला म्हणून कचेरीला पत्र लिहिलं, खरं काय ते सगळं कळवलं. मग मला गाडीत घातलं, दगड खिशात टाकला आणि मास्तरांचा पत्ता शोधत ते इथे आले.

मास्तर वारले होते. त्यांची मुलगी, शिट्टीची धाकटी बहीण, या शाळेत मुख्याध्यापिका होती. केस पिकलेले, हातावर खडूची पूड. "बसा ना," बाई म्हणाल्या.

"नको. आज उभ्यानेच सांगतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. फोनवर बढती होती हेही सांगितलं.

बाईंनी विचारलं, "फुलीचं कापड वरून दिसत नव्हतं?"

"नाही. धुळीने झाकलं होतं."

"आणि खुर्ची दिसत होती?"

"हो."

"म्हणजे माझ्या दादाने नीट पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी हातावरची खडूची पूड झटकली. "बाबा निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्गाला सांगायचे. पाहून पाऊल टाका, माझ्या मुलाने पाहिलं नाही. स्वतःच्या मुलाचा धडा केला होता हो त्यांनी. मीही त्या वर्गात बसून ते ऐकलंय. आणि पुढे तीस वर्षं मी तेच शिकवलं. आता बाबांना कोण सांगणार?"

 

"मी माफ केलं असं म्हणावं म्हणून आला असाल, तर ते मला जमणार नाही," बाई म्हणाल्या.

"त्यासाठी नाही आलो."

"मग चला माझ्याबरोबर. जिथे खोटं सांगितलं गेलं, तिथे खरं सांगा."

शाळेत सात वर्ग होते. सातही वर्गांत साहेब गेले, त्या गुडघ्याने, आणि प्रत्येक वर्गात उभे राहून त्यांनी सांगितलं की त्या मुलाने नीट पाहिलं होतं, चूक माझी होती. शेवटच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"घाबरलो," साहेब म्हणाले.

"एवढे मोठे साहेब असून?"

"हो. लोक म्हणतात, मी खुर्ची सोडली नाही. खरंच सोडली नाही. जागा सोडली."

संग्रहालयाला खरं सांगणारी पाटी नको होती, म्हणून मी काचेत गेले नाही. बाई म्हणाल्या, "राहू दे इथे. पालक आले की बसायला खुर्च्या कमी पडतात." साहेबांनी मला व्हरांड्यात मांडलं, खाली वाकून माझ्या आखूड पायाखाली दगड सरकवला, आणि एकदा हलवून पाहिलं. मी डुगडुगले नाही. ते माझ्यावर बसले मात्र नाहीत. कचेरीतून नंतर दोन ओळींचं उत्तर आलं की प्रकरण फार जुनं आहे, नोंद बदलता येणार नाही. ते पत्र हातात आल्यावर साहेब फार दिवस जगले नाहीत. बाईही आता नाहीत. त्या सात वर्गांतली मुलंही कधीच मोठी होऊन पांगली. सरकारी कागदावर माझ्या शिट्टीची घाई अजून तशीच आहे. तो कागद खोटा आहे हे सांगायला आता मी एकटीच उरले आहे.

म्हणून मित्रांनो, माझ्या कापडाची, बिजागरीची काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. झिजायचीच आहे ती. माझं एकच मागणं आहे. तो दगड लाथेने उडवू नका. माझ्यावर चढा, मला वर्गात न्या, अंगणात न्या, खुशाल न्या. पण काम झालं की आठवणीने मला परत त्या दगडावर ठेवा. आणि कधी विसरलात, तर विसरलो म्हणून लगेच सांगा. वरून कुणीतरी माझ्याकडे पाहून उतरत असेल, असं मला अजूनही वाटतं.